पडद्यावरून कागदावर : कोल्हापूरच्या पेंटरांची दृश्यविद्या

अ‍ॅनिमेशनचा इतिहास सांगताना स्टोरीबोर्डचा जन्म अमेरिकेत, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत झाला असे सांगितले जाते. वेब स्मिथ या चित्रकाराने एकेक प्रसंग वेगळ्या कागदावर काढला, ते कागद फळ्यावर ओळीने टाचले आणि चित्रपट तयार होण्याआधीच सगळी गोष्ट नजरेखालून घालता येऊ लागली. १९३३चा 'थ्री लिटल पिग्ज' हा अशा फळ्यावरून पूर्णपणे बेतलेल्या पहिल्या लघुपटांपैकी एक मानतात. हे श्रेय काढून घेण्याचे कारण नाही. पण दृश्य आधी कागदावर पाहायचे आणि मगच ते घडवायचे, हा प्रश्न फळ्यापेक्षा जुना आहे. आपल्याकडे त्याचे उत्तर नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसांनी कोल्हापुरात शोधले. कोल्हापूरला आपण 'कलापूर' म्हणतो आणि तिथल्या पेंटरांनी चित्रपटाला सौंदर्य दिले असे सांगून थांबतो. मला त्यांचे काम याहून वेगळे आणि मोठे वाटते. नटाच्या पाठीमागे टांगलेले चित्र त्यांनी तिथून उतरवले आणि काम सुरू होण्याच्या आधी, कागदावर, आणून ठेवले. आज जो कोणी अ‍ॅनिमेशनचे दृश्य आखतो त्याने हा बदल नीट समजून घ्यावा, कारण अ‍ॅनिमेशनमधली पार्श्वभूमी पुन्हा एकदा रंगवलेला पडदाच आहे आणि त्या पडद्याचे जुने दोषही तिच्याबरोबर परत येतात.

आधी तो पडदा काय होता ते पाहू. विसाव्या शतकाची पहिली दोन दशके हा संगीत नाटकाचा बहराचा काळ. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. आज ते केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाते आणि ८ ऑगस्ट २०२४च्या आगीने त्याचे नाव पुन्हा सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी आले. नाटक कंपन्यांना दरबार हवा असे, रस्ता हवा असे, जंगल हवे असे, बाग हवी असे, आणि हे सगळे कापडावर रंगवलेले असे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे चुलत भाऊ साधारण १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातले पडद्यांचे अग्रगण्य चित्रकार होते. मराठी संगीत मंडळ्यांप्रमाणेच गुजराती-पारशी कंपन्यांसाठीही त्यांनी पडदे केले आणि धंद्याचे नावच आडनाव होऊन दोघे 'पेंटर' झाले. बाबूरावांचा जन्म १८९०चा. वडील कृष्णराव मेस्त्री सुतारकाम, लोहारकाम, हस्तिदंतावरचे कोरीवकाम, मूर्तिकाम सगळे जाणणारे. चित्रकला बाबूरावांनी कुठल्या शाळेत शिकलेली नव्हती, पण हातात हत्यार धरून वस्तू उभी करण्याची विद्या घरातच होती. पुढच्या सगळ्या गोष्टीत ही दुसरी विद्या पहिलीइतकीच उपयोगी पडली.

रंगवलेल्या पडद्याचे गणित अवघड असते. दरबाराचे खांब एकामागोमाग लहान होत जातात, फरशीच्या रेषा लांबच्या एका बिंदूकडे धावतात आणि सपाट कापडावर खोली भासू लागते. याला यथार्थदर्शन म्हणतात. पण हा भास एकाच जागेवरून पूर्ण खरा असतो, साधारण समोरच्या मधल्या बैठकीवरून. कडेला बसलेल्याला खांब तिरके दिसतात. त्याहून मोठी अडचण नटाची. तो पडद्यापासून दूर, रंगमंचाच्या पुढच्या भागात उभा असेल तोवर ठीक. तो मागे सरकत गेला की चित्रातले खांब लहान होतात आणि हा मात्र तेवढाच राहतो. पडद्याजवळ पोचेपर्यंत तो लांबच्या कमानीहून उंच दिसू लागतो. दिव्याचा उजेड पडला की त्याची सावली रंगवलेल्या आभाळावर पडते. नाटकाचा प्रेक्षक हे सगळे संकेत म्हणून स्वीकारतो, कारण त्याचे कान गाण्याकडे असतात. कॅमेऱ्यापुढे ही सवलत नव्हती, त्यातून तो मूकपटाचा काळ. कान रिकामे आणि डोळा पूर्ण जागा.

१९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा भावांना चित्रपटाने झपाटले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने कॅमेरा स्वतःच तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. भीमाने केलेल्या कीचकवधाचे दृश्य इतके खरे उतरले की त्याला सेन्सॉरची कात्री लागली. पण कोल्हापूरच्या या कंपनीचे इतिहासातले खरे वेगळेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. हिंदुस्थानातल्या उत्कृष्ट पडदे-चित्रकारांपैकी एक असलेल्या माणसाने चित्रपटातून रंगवलेला पडदाच काढून टाकला. त्याच्या जागी त्याने खरोखर खोली असलेले, ज्यात माणसे वावरू शकतील असे भरीव सेट उभे केले. ज्या कामावर पोट भरले, नाव मिळाले, तेच काम त्याने नव्या माध्यमात बाद ठरवले. हे बाहेरच्या कुणी सांगून झाले नसते. पडद्याच्या मर्यादा पडदे रंगवणाऱ्यालाच सर्वांत आधी कळल्या.

मग चित्रकाराचे चित्र गेले कुठे? ते कागदावर गेले. बाबूराव चित्रीकरणाआधी पात्रांची, त्यांच्या वेशभूषेची आणि हालचालींची रेखाटने करत, असे भारतीय चित्रपटाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे, आणि या पद्धतीची तुलना त्यांनी रशियन दिग्दर्शक आयझेन्स्टाइनच्या रेखाटनांशी केली आहे. यातला 'हालचाली' हा शब्द महत्त्वाचा. वेशभूषेचे चित्र नाटक कंपनीतही निघत असेल, पण पात्र कुठून येणार, कुठे वळणार, हात किती उंच जाणार हे आधी कागदावर मांडणे म्हणजे दृश्याला वेळेच्या हिशेबात पाहणे. पडद्याचे चित्र स्थिर होते. नट त्याच्यापुढे येई आणि जाई, चित्राला त्याची खबर नसे. आता चित्र नटासाठी निघू लागले. याला रोखठोक कारणही होते. कच्ची फिल्म परदेशातून येई, वाया गेलेला प्रत्येक फूट म्हणजे पैसा, आणि सूर्यप्रकाशावर चाललेल्या चित्रणात ढग आले की दिवस गेला. अशा धंद्यात निर्णय कॅमेऱ्याचे हँडल फिरवताना घ्यायचा की पेन्सिल हातात असताना, याचे उत्तर कोणताही कारागीर देईल. लाकूड कापण्याआधी खूण करायची हे सुताराला शिकवावे लागत नाही.

पुढे १९२३च्या 'सिंहगड'साठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला, आणि मग रेखाटनाचे काम अधिकच वाढले. सूर्य जिथे असेल तिथे असतो, दिवा मात्र कुठे ठेवायचा ते ठरवावे लागते. प्रकाश ठरवता येऊ लागला की काळोखही ठरवता येतो. त्यांच्या 'सावकारी पाश'च्या १९३६च्या बोलपटाबद्दल जे. बी. एच. वाडिया या जाणत्या निर्मात्याने लिहून ठेवले आहे की त्यातले एक दृश्य त्यांना कधी विसरता आले नाही. अंधुक उजेडात लांबून दिसणारी एक उदास झोपडी, आणि फक्त कुत्र्याचे रडणे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची सगळी गोष्ट त्या एका चौकटीत आहे. चौकट बहुतेक काळी, घर लहान, माणूस दिसतच नाही. असे दृश्य कॅमेरा लावून सहज सापडत नाही. किती काळे ठेवायचे आणि किती लहान काढायचे हे आधी कुणीतरी ठरवलेले असते, आणि ते ठरवायची सवय चित्रकाराच्या डोळ्याला असते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. बाबूरावांची रेखाटने म्हणजे स्टोरीबोर्ड नव्हे. स्टोरीबोर्डात क्रम असतो. एका चौकटीनंतर दुसरी का, हा त्याचा मुख्य प्रश्न असतो. सुट्ट्या दृश्याचे चित्र कितीही विचारपूर्वक काढले तरी त्याने तो प्रश्न सुटत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून कोल्हापूरने स्टोरीबोर्ड शोधला असे मी म्हणणार नाही. अ‍ॅनिमेशनच्या आजच्या भाषेत बोलायचे तर कोल्हापूरची देणगी स्टोरीबोर्डाच्या पुढच्या पायरीवर बसते, जिला लेआउट म्हणतात : चौकटीत पात्र केवढे, जमीन कुठे, उजेड कुठून, चाल कशी. क्रमाची विद्या आपल्याकडे निराळ्या माणसांजवळ होती. कोल्हापूरहून घाट उतरून कोकणात गेले की कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. त्यांच्या पोथीत सुटी चित्रे असतात, सांगणारा गाता गाता एकेक चित्र पुढे करतो आणि रामायण-महाभारतातला एखादा प्रसंग त्या क्रमाने उलगडत जातो. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथातही चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. या परंपरेचा आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा थेट धागा जोडायला माझ्याजवळ आधार नाही, आणि निव्वळ अभिमानापोटी तो जोडू नये. पण चौकट आणि क्रम या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे या दोन जागा शेजारी ठेवल्यावर स्वच्छ दिसते. आजच्या नवशिक्या स्टोरीबोर्डात बहुतेक वेळा यांतली एकच असते : क्रम पक्का आणि चौकटी निर्जीव, किंवा चौकटी देखण्या आणि गोष्ट पुढे सरकत नाही.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. 'मुरलीवाला'सारख्या एखाददुसऱ्याचे तुकडे तेवढे उरले. मग आधी काढलेल्या चित्राने पडद्यावर काय साधले हे कशावरून सांगायचे? दोन गोष्टींवरून. एक म्हणजे पोस्टर. बाबूराव आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवत, आणि 'कल्याण खजिना'चे १९२४चे पोस्टर हे भारतीय चित्रपटाच्या शिल्लक राहिलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांपैकी एक आहे. पोस्टर म्हणजे सगळा चित्रपट एका चौकटीत बसवण्याची कसोटी, आणि ती देणारा माणूस तोच होता जो दृश्ये आखत होता. दुसरी गोष्ट शिष्यांची. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी निघाली. तिच्या पाच संस्थापकांपैकी व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे बाबूरावांच्या कंपनीतून आलेले होते. कागलचे शेख फत्तेलाल प्रभातचे कलादिग्दर्शन पाहत. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली, पण डोळा कोल्हापूरचाच राहिला. दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'मधले वैकुंठगमन किंवा १९४०च्या 'संत ज्ञानेश्वर'मधली चालणारी भिंत पाहा. ट्रिक दृश्यात वेगवेगळ्या वेळी घेतलेले भाग एका चौकटीत बसवायचे असतात. कुठला भाग कुठे येणार हे आधी आखल्याशिवाय ते जमत नाही. भिंत चालते आणि प्रेक्षकाला हसू येत नाही, यामागे प्रमाणाचा पक्का हिशेब आहे. म्हणून ही एका माणसाची प्रतिभा म्हणून न पाहता एका कारखान्याची रीत म्हणून पाहिली पाहिजे. आनंदराव, दामले, फत्तेलाल यांचा तिच्यात तितकाच हात आहे.

आता अ‍ॅनिमेशनकडे. फाळक्यांनी १९१५च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या एकेक चौकट करून हलवल्या, तेव्हापासून आपल्याकडे ही कला आहे. तिच्यात खरा सेट नसतो, खरा दिवा नसतो, खरा नट नसतो. म्हणजे बाबूरावांनी पडद्यातून बाहेर पडून जे मिळवले ते अ‍ॅनिमेटरच्या हातून पुन्हा सुटते. त्याला पुन्हा रंगवलेल्या कापडापुढे चित्र उभे करायचे असते. पाठीमागे सुरेख वाडा रंगवलेला आणि पुढे पात्र चिकटवल्यासारखे, ही तक्रार आजच्या कितीतरी कार्टूनबद्दल करता येईल, आणि ती शंभर वर्षांपूर्वीच्या दरबाराच्या पडद्याची तक्रार आहे. उपायही तेच आहेत. पार्श्वभूमी रंगवायच्या आधी पात्राची वाट आखावी : ते कुठून चौकटीत येते, कुठे थांबते, कुठून जाते. क्षितिजाची रेषा प्रथम ओढावी आणि त्या वाटेवर तीन ठिकाणी, जवळ, मध्ये आणि दूर, पात्राची उंची ठरवून घ्यावी. मग खांब, दारे, झाडे त्या उंचीच्या हिशेबात काढावीत. पात्र मागे गेल्यावर कमानीहून उंच होण्याची भीती मग उरत नाही. पात्राचे पाय जिथे टेकणार तिथे सावलीची जागा राखावी आणि उजेड कुठल्या बाजूने येतो त्याचा बाण कागदाच्या कोपऱ्यात काढावा. हा बाण क्षुल्लक वाटतो, पण एका प्रसंगाच्या दहा पार्श्वभूम्या दहा जण रंगवतात तेव्हा सूर्य जागेवर ठेवणारी खूण तीच.

चौकट काढताना कागद लहान घ्यावा, पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढा. लहान कागदावर नाकडोळे काढता येत नाहीत, म्हणून काळे कुठे आणि पांढरे कुठे एवढाच विचार करावा लागतो, आणि झोपडीचे ते दृश्य नेमके तेवढ्याच विचाराने उभे आहे. काळा, करडा आणि पांढरा अशा तीनच छटा वापराव्यात. त्यांत दृश्य कळले नाही तर रंगांनीही कळणार नाही. पात्राची आकृती पूर्ण काळी भरून पाहावी. ते काय करते आहे हे नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू येत नसेल तर हात अंगाबाहेर काढावा, मान वळवावी, उभे राहणे बदलावे. नाटकातल्या विंगांचाही इथे उपयोग आहे. रंगमंचावर पुढे विंगा, मध्ये नट आणि मागे पडदा असे थर असत. डिस्नेच्या १९३७च्या 'द ओल्ड मिल'मध्ये काचांच्या थरांवर ठेवलेली चित्रे वेगवेगळ्या गतीने सरकवून जी खोली साधली, तिचे मूळ तत्त्व याच थरांत आहे; भर पडली ती गतीच्या फरकाची. मिरजेहून कोल्हापूरला येणाऱ्या गाडीच्या खिडकीतून पाहिले की जवळचे खांब झपाट्याने मागे जातात, उसाची शेते सावकाश फिरतात आणि लांबचा डोंगर बरोबर चालल्यासारखा वाटतो. स्टोरीबोर्डावर प्रत्येक थराला त्याची गती लिहून ठेवली तर सपाट चित्रालाही हवा खेळायला जागा मिळते. आणि क्रमाबद्दल एकच गोष्ट जपावी : एखादे पात्र डावीकडून उजवीकडे निघाले असेल तर पुढच्या चौकटींतही त्याने तीच दिशा धरावी, नाहीतर बघणाऱ्याला ते परत फिरल्यासारखे वाटते. चित्रकथीही ऐकणाऱ्याला वाट चुकू देत नाही.

शेवटचा आक्षेप कलावंतांचा आहे. आधीच सगळे आखून टाकले तर ऐनवेळी सुचणाऱ्या गोष्टीचे काय? नटाचा अनपेक्षित हुंदका, अचानक आलेला वारा, यांतच सिनेमाचा जीव असतो आणि कागद तो मारून टाकतो. जिवंत नटांच्या चित्रपटात या म्हणण्याला जागा आहे. पण अ‍ॅनिमेशनमध्ये वारा अचानक येत नाही. तो कुणीतरी काढावा लागतो. सेकंदाला चोवीस चौकटी, आणि एक रेखाटन दोन चौकटींना वापरले तरी एका मिनिटाला सातशेवीस रेखाटने. इतक्या मेहनतीनंतर दृश्य चुकले असे कळणे म्हणजे कित्येक आठवड्यांचे काम पुसणे. म्हणून अ‍ॅनिमेशनमधला अनपेक्षित क्षण स्टोरीबोर्डावरच यावा लागतो, कारण खोडरबर तिथेच स्वस्त असतो. फळ्यावरच्या चौकटीची अदलाबदल करायला एक टाचणी काढावी लागते. जो आखणी टाळतो त्याला मोकळीक मिळत नाही. त्याची चूक फक्त उशिरा आणि महागात उघडी पडते.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. बाबूरावांच्या कंपनीची आठवण म्हणून तिथे चित्रपटप्रेमी जमतात. हा मान योग्यच आहे, पण त्या कॅमेऱ्याआधी जो कागद होता त्याची जपणूक कुठे होते? पडद्यांची कच्ची रेखाटने, चौकटी पाडून मोठी केलेली चित्रे, वेशभूषेचे नमुने, पोस्टरांचे पहिले आराखडे हे अजून कोल्हापूर-सांगलीकडच्या चित्रकारांच्या घरी ट्रंकांत, माळ्यांवर पडून असण्याची शक्यता आहे. पक्के चित्र लोक फ्रेम करून ठेवतात आणि कच्चे रद्दीत देतात. दृश्य कसे सुचले, कुठे खोडले, कुठे बदलले, हे मात्र कच्च्यातच असते. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते टाकू नयेत. त्यांचे फोटो काढावेत, मागे नाव आणि साल पेन्सिलीने लिहावे आणि जवळच्या कलाशाळेला किंवा संग्रहालयाला निदान पाहायला तरी द्यावेत.